उतारवयातील एका खोलीचे घर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून ठेवला होता. गेल्या काही वर्षांत आपल्यातील बरीच सेवानिवृत्त कुटुंबे जुने राहते घर सोडून साताऱ्यास किंवा सांगलीच्या विश्रामबागेकडे लहान सदनिका घेऊन राहिली. आम्हीही घेतली. घेण्यापूर्वी आम्ही कागदपत्रांचा जो अभ्यास केला, त्याची वार्ता आमच्या सौभाग्यवतींनी महिला शाखेत पोहोचविली, आणि तेव्हापासून कोणी सात-बारा घेऊन, कोणी जाहिरातीचे पत्रक घेऊन आमच्या दारी येत असते. एकेकास सांगण्यापेक्षा सर्वांस एकदाच सांगून टाकावे, असा चिटणिसांचा हिशेब असावा. दुसरे कारण असे की, मंडळाच्या इमारत निधीतून केवळ ज्ञातीतील कुटुंबांकरिता लहान सदनिकांची एक इमारत उभारावी, असा ठराव आज दुपारच्या सभेपुढे आहे. त्याविषयीही आम्हांस काही सांगावयाचे आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वकील नव्हे, इंजिनिअरही नव्हे. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांस क्षेत्रफळ व व्याज शिकविले, एवढ्याच भांडवलावर बोलत आहोत.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. हल्ली पत्रकांत 'स्टुडिओ अपार्टमेंट' असे शब्द येतात. आमच्या पिढीस स्टुडिओ म्हटला की काळे फडके डोक्यावर घेतलेला फोटोग्राफर आठवतो. येथे अर्थ इतकाच की, निजण्याची, बसण्याची व स्वयंपाकाची जागा एकाच मोठ्या खोलीत, आणि न्हाणीघर व शौचकूप तेवढे स्वतंत्र. स्वयंपाकघरास मध्ये भिंत असली म्हणजे त्यास 'वन आरके' म्हणावे, असा मूळ भेद आहे. परंतु आपल्याकडील दलाल मंडळी दोन्ही नावे सरसकट वापरतात. सबब नावावर न जाता नकाशा पाहावा. एका खोलीचे घर म्हटले की काही मंडळी नाक मुरडतात, हे आम्ही जाणतो. वास्तविक आपले वाडे बाहेरून कितीही मोठे असले तरी एकेका बिऱ्हाडाच्या वाट्यास दीड-दोन खोल्यांपलीकडे काय येत होते? गिरणगावच्या चाळींत आपल्या आप्तांचे संसार दहा बाय बाराच्या खोलीत झाले. लहान घर आपणांस नवे नाही. नवी आहे ती त्याची स्वतंत्र मालकी. आणि ती देखील तशी अलीकडची. महाराष्ट्रात सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, सदनिकांच्या मालकीविषयीचा पहिला कायदा १९६३ चा, अपार्टमेंट मालकीचा १९७० चा. आमच्या तीर्थरूपांच्या उमेदीच्या काळात मजल्यावरचे घर आपल्या मालकीचे असू शकते, ही कल्पनाच आपल्या भागात फारशी कोणास नव्हती.

आता आम्ही सांगली का सोडली ते सांगणे भाग आहे. कारण घर निवडताना हाच विचार सर्वांत आधी करावयास हवा. आमचा वाडा गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. सांगलीत पावसाळा आला की माणसे एकमेकांस प्रकृतीची विचारपूस नंतर करतात, आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली खुला झालेल्या ह्या पुलाशी पाण्याची जी पातळी मोजली जाते, तिच्यावर साऱ्या शहराची झोप अवलंबून असते. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी तिच्या फार वर गेले, तेव्हा वृद्ध मंडळी म्हणाली की असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांवर गेले. पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी घरात. दोन वर्षांत दोनदा गाळ काढणे, गाद्या फेकणे, भिंतींचा गिलावा पाडून नवा करणे, ओल जाईपर्यंत आप्तांकडे आश्रितासारखे राहणे, हे तिशीतल्या माणसास झेपते; साठीनंतर झेपत नाही. आमच्या कुटुंबास दम्याचा विकार आहे. २०२१ च्या दिवाळीपर्यंत भिंतीची ओल गेली नव्हती, तेव्हाच आम्ही निश्चय केला की, आता ह्या भिंतींवर निवृत्तिवेतनाचा पैसा घालावयाचा नाही.

म्हणून आमची पहिली सूचना : सांगलीत, किंबहुना कृष्णा-वारणेच्या काठी कोठेही, सदनिका घ्यावयाची असेल तर दर विचारण्याआधी पूररेषा विचारावी. जलसंपदा खाते दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि ही रेषा ह्यांमधील पट्टा निषिद्ध, तेथे नवे बांधकाम करू नये. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी व लाल ह्यांमधील पट्टा नियंत्रित, तेथे अटी घालून परवानगी मिळू शकते. रेषा दाखविणारे नकाशे महापालिकेच्या नगररचना विभागात पाहावयास मिळतात. परंतु कागदावरील रेषेवर सर्व भार न टाकता त्या गल्लीतील किराणा दुकानदारास, इस्त्रीवाल्यास विचारावे की, २०१९ ला पाणी कोठवर आले होते. तो हात वर करून भिंतीवरची खूण दाखवील. विश्रामबागेचा भाग नदीपासून दूर, मिरजेच्या रस्त्यास. विलिंग्डन महाविद्यालय व वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे वस्ती सुशिक्षित व बरीचशी शांत. तेथे घर घेण्यास आमची ना नाही. मात्र ओढ्या-नाल्यांच्या काठचे सखल तुकडे शहरात सर्वत्र आहेत, आणि पाणी पत्ता वाचून येत नाही.

सांगलीपुरता आणखी एक शब्द ध्यानात ठेवावा, तो म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, रेखांकनास मंजुरी न घेता विकले गेले. त्यांवर घरे उठली. अशा वस्त्या नियमित करण्याकरिता २००१ साली शासनाने कायदा केला. एखादी इमारत अशा भूखंडावर असेल तर ती त्याज्य असे नव्हे; पण नियमितीकरणाचे प्रमाणपत्र विकणाऱ्याच्या हाती असल्याखेरीज बयाणा देऊ नये. 'अर्ज केलेला आहे' हे उत्तर प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

आम्ही अखेर सातारा निवडले. साताऱ्यास पेन्शनरांचे गाव म्हणतात ते काही उगीच नव्हे. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले. कृष्णा-वेण्णेचा संगम दूर माहुलीस. नदी घरात येण्याची भीती नाही. हवा कोरडी नसली तरी आरोग्यास चांगली, आणि कासच्या पाण्याची गोडी ज्याने चाखली त्यास दुसरे पाणी रुचत नाही. तथापि प्रत्येक गावाचे दुखणे वेगळे. सांगलीत पाण्याचे, तसे येथे चढाचे. सोमवारापासून रविवारापर्यंत वारांच्या नावांच्या पेठा आहेत, आणि त्यांतील कित्येक गल्ल्या अशा की, खाली उतरलेल्या वृद्धास भाजीची पिशवी घेऊन पुन्हा वर येताना तीनदा थांबावे लागते. घर पाहावयास मोटारीने जाऊ नये. दवाखाना, बँक, भाजी मंडई आणि एस. टी. चा थांबा, ह्या चारही ठिकाणांपासून घरापर्यंत पायी चालून पाहावे. गुडघे जे सांगतील ते दलाल सांगत नाही. आम्ही उभयतांनी असे अकरा ठिकाणी चालून पाहिले. त्यांतील सात जागा केवळ चढामुळे वगळल्या.

शाहूपुरीसारखे भाग २०२० साली नगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी ते ग्रामपंचायतीकडे होते. तेव्हा इमारत हद्दवाढीच्या आधीची असल्यास नुसत्या ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर समाधान मानू नये; बिनशेतीचा आदेश व मंजूर नकाशा, दोन्ही मागावेत.

निवांतपणा हा शब्द पत्रकात फुकट मिळतो. तो खरा की खोटा हे पारखण्यास आमच्या मते त्या जागी तीन वेळा जावे : सकाळी शाळा भरण्याच्या वेळी, सायंकाळी सातास, आणि एकदा लग्नसराईत रात्री. सकाळी अकरास सर्वच गल्ल्या शांत असतात, आणि दलाल नेमका अकरासच बोलावतो. जवळ मंगल कार्यालय आहे काय, मिरवणुकीचा मार्ग खालून जातो काय, हे विचारावे. आपल्या भागात डॉल्बीचा उपद्रव किती, हे आम्ही सांगावयास नको, काचा थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी विभागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी आहे. आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय ह्यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. नियम किती पाळले जातात हा प्रश्न वेगळा. पण रुग्णालयाच्या अथवा शाळेच्या जवळ घर असले म्हणजे तक्रार करावयास निदान पाय ठेवण्यापुरती जागा मिळते. मुलांचा गलबला आम्हांस गोंगाट वाटत नाही, हा सवयीचा भाग म्हणावयाचा.

आता क्षेत्रफळाकडे येऊ. हा आमचा हक्काचा विषय, म्हणून थोडा अधिक वेळ घेतो. आम्ही पाहिलेल्या एका सदनिकेच्या पत्रकात ४२० चौरस फूट असे छापले होते. आम्ही फीत घेऊन गेलो. मोठी खोली सोळा बाय अकरा, म्हणजे १७६. ओट्याकडील भाग आठ बाय सात, म्हणजे ५६. न्हाणी व शौचकूप मिळून सात बाय पाच, म्हणजे ३५. बेरीज २६७. आतील आडभिंतीचे तीन धरले तर २७०. मग बाकीचे १५० कोठे गेले? जिन्यात गेले, बाहेरच्या भिंतींत गेले, लिफ्टच्या कोनाड्यात आणि गच्चीच्या टाकीखाली गेले. विक्रेता तेथे हजर होता, तो म्हणाला, "गुरुजी, हे सुपर बिल्टअप आहे." आम्ही म्हणालो की, चौथीतल्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर आम्ही त्यास पाटी पुसून पुन्हा मांडावयास लावले असते. स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली झाला, आणि २०१७ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. ह्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली आहे : घराच्या आतील वापरण्याजोगी जमीन, आतील आडभिंती धरून, बाहेरच्या भिंती, सज्जा व उघडी गच्ची वगळून. दराचा हिशेब नेहमी ह्याच आकड्यावर करावा. समजा, दर चौरस फुटास ४,००० रुपये सांगितला. ४२० ने गुणले की १६,८०,००० होतात. तीच रक्कम २७० ने भागा. खरा दर ६,२२२ निघतो. शेजारच्या गल्लीत ५,५०० चा दर चटई क्षेत्रावर सांगणारा गृहस्थ महाग वाटतो, आणि वस्तुतः तोच स्वस्त असतो. लहान घरात ही तूट अधिक बोचते. मोठ्या घरातून दीडशे फूट गेले तर एक खोली जाते, लहान घरातून गेले तर खाट कोठे टाकावी हा प्रश्न पडतो.

ह्याच कायद्यातील इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक पत्रकावर असलाच पाहिजे. तो संगणकावर तपासता येतो, नातवंडांकडून तपासून घ्यावा. करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात राहिली पाहिजे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. मात्र भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आणि जुना वाडा पाडून उभारलेल्या पेठेतील इमारती पुष्कळदा अशाच लहान असतात. तेथे आपली काळजी आपणच घ्यावयाची. वाहनाच्या जागेविषयी : इमारतीच्या खांबांखालची जागा विकासकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. आमच्यापाशी एक जुनी स्कूटर आहे; तिच्यापुरता प्रश्न नव्हता.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार सदनिका घ्यावी, हे आमचे मत ठाम आहे. असे प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, हा एक लाभ. आणि उतारवयात 'पुढच्या दसऱ्यास ताबा' असल्या वायद्यांवर बसून राहण्याइतके दसरे आपल्या हाती असतीलच असे नाही, हा दुसरा विचार. आम्ही पसंत केलेल्या घराच्या विकासकाने, त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, सांगितले की प्रमाणपत्र महिन्याभरात येते, तुम्ही राहावयास या. आम्ही राहावयास गेलो नाही. पैसेही दिले नाहीत. त्यास पाच महिने लागले. पाच महिने त्याने आम्हांस दूरध्वनीवरून ऐकविले की, दुसरे गिऱ्हाईक वाट पाहत आहे. ते दुसरे गिऱ्हाईक आम्हांस अद्याप कोठे भेटलेले नाही. रोख रकमेचा आग्रहही झाला. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे १ जून २०१५ पासून कायद्याने वर्ज्य आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच आहे, हे सांगितल्यावर आग्रह थांबला.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो तिच्याकडे वळतो. काही मंडळींनी आम्हांस विचारले आहे की, गुरुजींनी आयुष्यभर नोकरी केली, वाड्यातला हिस्सा विकला, तरी एकच खोली का? उत्तर सरळ आहे. आम्हांस दोन भगिनी आहेत. वडिलोपार्जित वाड्यातील आमच्या शाखेच्या हिश्श्याचे पैसे आले, तेव्हा दोघींचे भाग आधी बाजूस काढले. उरलेल्या रकमेत आमच्या उपदानाची व पेन्शनविक्रीची रक्कम घातली. तेवढ्यात जे घर बसले ते घेतले.

आपल्या ज्ञातीत, आणि केवळ आपल्याच नव्हे, भाऊबीजेस बहिणीच्या ताटात साडी घालावयाची आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावयाची, असा परिपाठ आहे. बहीणही म्हणते, माहेर तुटू नये. ही सही प्रेमाने दिली जाते की भीतीने, हे सही घेणाऱ्याने विचारावयाचे नसते. परंतु २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली आहे. आणि वडील त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. ह्यातील व्यवहाराची बाजू घर घेणाऱ्याने ओळखली पाहिजे. साताऱ्याच्या पेठेत किंवा सांगलीच्या गावभागात वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत सदनिका घेताना मिळकतपत्रिकेवर सर्व वारसांची नावे लागली आहेत काय, मुलींची नावे कोठे गळली आहेत काय, हे पाहावे. निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. ज्या घराच्या पायात कोणा बहिणीचा न दिलेला वाटा आहे, तेथे दहा वर्षांनी न्यायालयाचे समन्स आल्यास नवल नाही. आमच्या धाकट्या भगिनीने तो पैसा परत आणून देण्याचा प्रयत्न केला. आमच्या कुटुंबाने तो घेऊ दिला नाही. त्या दोघींत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

सदनिका आम्ही सौभाग्यवतींच्या एकटीच्या नावे घेतली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडीस लावले तर ती मिळत नाही. सवलत हे कारण झाले, एकमेव नव्हे. लग्नानंतर त्या ज्या घरांत राहिल्या, त्यांतील एकाही कागदावर त्यांचे नाव नव्हते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा व छायाचित्र घेतल्यावर कारकुनाने विचारले, "खरेदीदार कोण?" तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि मग स्वतःच "मी" म्हणून सांगितले. येथे बसलेल्या पुरुषमंडळींस आमचे इतकेच सांगणे की, सूची क्रमांक दोनची प्रत घरी आली की ती वाचून दाखवावी.

दुसरा आक्षेप असा येतो की, आईवडील एका खोलीत वेगळे राहू लागले म्हणजे मुलाशी बिनसले असले पाहिजे. आमचे चिरंजीव पुण्यास असतात, सूनबाई नोकरी करतात, महिन्यातून एकदा येतात. आल्यावर खाट त्यांस देऊन आम्ही खाली सतरंजीवर निजतो व सर्वांस मौज वाटते. बिनसू नये म्हणूनच अंतर ठेवले, असेही म्हणता येईल. मात्र काही घरांतून निराळा प्रकार आमच्या कानी येतो : घर घेतल्याबरोबर प्रेमाच्या भरात ते बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून द्यावयाचे. हे करू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर, अट न पाळल्यास, प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. पण प्रांतांच्या कचेरीची पायरी आपल्याच मुलाविरुद्ध चढावयाची, ह्यापेक्षा हयातीत घर स्वतःच्या नावे राहू द्यावे व मृत्युपत्र करावे हे बरे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात; नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली चांगली. संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे झाले असे समजू नये. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक होत नाही. वारसांचा हक्क तसाच राहतो.

आता दुपारच्या ठरावाविषयी. ठराव मांडणाऱ्या बंधूंची तळमळ आम्ही जाणतो, आणि त्यांच्या बाजूस इतिहासही आहे. मुंबईस गावदेवीत १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही ह्या देशातील अशा संस्थांत अग्रणी. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी ह्यांनी आपल्या ज्ञातिबांधवांकरिता ती उभारली. त्याआधी १९०६ साली त्यांनी शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली होती. परक्या शहरात, कर्ज देणारे कोणी नसताना, ओळखीच्या माणसांचा परस्पर विश्वास हेच त्यांचे भांडवल होते. कायद्याचीही आडकाठी आहे असे नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला आहे.

तरीही आम्ही ठरावाच्या विरुद्ध मत देणार आहोत. एक तर, उतारवयातील लहान घर हे शेवटच्या अडचणीचे भांडवल असते. उद्या एखाद्या विधवेस शस्त्रक्रियेसाठी ते विकावयाचे झाले आणि गिऱ्हाईक ज्ञातीतीलच पाहिजे असे बंधन असले, तर तिला किंमत किती येईल, आणि ती कोण ठरवील? आपल्यातीलच सधन मंडळी ठरवतील, हे आपण सर्व जाणतो. दुसरे असे की, २०१९ च्या पुरात आमच्या घराच्या पोटमाळ्यावरून आम्हां उभयतांस ज्यांनी काहिलीत बसवून बाहेर काढले, त्या चार तरुणांपैकी एकही आपल्या ज्ञातीचा नव्हता. आणि हे आपण ज्या गावी बोलत आहोत ते सातारा आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्माजींनी त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. आपल्यातील निदान दोन पिढ्यांचे शिक्षक त्या परंपरेच्या शाळांतून शिकून बाहेर पडले. त्यांच्या पेन्शनीतून आलेल्या निधीने आपण कुंपण घालावे, हे आमच्या मनास पटत नाही.

निधी पडून राहावा असेही आम्ही म्हणत नाही. आमची उपसूचना लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे दिली आहे. घर घेणाऱ्या वृद्ध व विधवा सभासदांच्या मालकी हक्काच्या शोधाचे वकिलाचे शुल्क निधीच्या व्याजातून द्यावे. मंडळाच्या कचेरीत दर रविवारी सकाळी दोन तास जाणती मंडळी कागद वाचून द्यावयास बसावीत. आणि पावसाळ्यात सांगलीच्या पूरग्रस्त कुटुंबांस महिना-दीड महिना राहता यावे म्हणून साताऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवाव्यात. रविवारी बसणाऱ्यांत आमचे नाव घालण्यास हरकत नाही; फीत आम्ही आमची आणू.

उपसूचनेस अनुमोदन हवे आहे. सभा तीन वाजता आहे, आणि भोजनाची पहिली पंगत मांडली गेल्याची खूण चिटणीस मघापासून करीत आहेत.